सहा सेंटीमीटर

३ फेब्रुवारी

चिरंजीव वकीलसाहेब,

तू फोनवर म्हणालीस, "मामा, तू ओरडतोस आणि मला एक तारीख कळत नाही, लिहून पाठव." तर घे. शाळा सुटल्यापासून मी बिलं आणि शिव्या सोडून काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

त्या बिल्डरच्या इमारतीचे आठ मजले, मजल्याला बारा गॅलऱ्या, म्हणजे शहाण्णव कठडे. वर्क ऑर्डर आहे, सही आहे, शिक्का आहे. नियमाप्रमाणे कठडा फरशीपासून एक हजार पन्नास मिलीमीटर उंच हवा. आमचा वेल्डर, ज्याला अख्खा कारखाना मिलीमीटर म्हणतो, ज्याची टेप ओढून तू लहानपणी बोट कापून घेतलं होतंस, त्याने प्रत्येक गॅलरीत बसून माप घेतलं. तेव्हा नुसती स्लॅब होती. वर फरशी किती जाडीची येणार म्हणून विचारलं, तर साइट इंजिनियर म्हणाला, पन्नास मिलीमीटर. पन्नास धरून आम्ही कठडे केले, नेले, बसवले, रंगवले. मग पाण्याला उतार मिळेना म्हणून त्यांनी फरशीखाली जादा माल भरला आणि जमीन सहा सेंटीमीटर वर आली. जमीन वर आली की कठडा ठेंगणा होणारच. तपासनिसाने टेप लावली आणि सगळे नापास केले.

इंजिनियर माझा हात धरून म्हणाला, "उंची वाढवून द्या, जादा कामाचे पैसे मिळतील, कागद मागाहून काढतो." दोन महिने आम्ही शहाण्णव कठडे जागेवर कापून पुन्हा जोडले. पास झाले. लोक राहायला आले, त्याच कठड्यांवर कपडे वाळत घालतात. इंजिनियर नोकरी सोडून गेला. आणि आता ऑफिस म्हणतं की कठडे ठेंगणे झाले कारण तुमचं माप चुकलं. जादा कामाचं सोडाच, शेवटचं बिलही विसरा.

पैसे बुडवणारे मी सव्वीस वर्षांत खंडीभर पाहिले. माप चुकलं म्हणणारा हा पहिला. चोराच्या उलट्या बोंबा! सगळे मिळून अकरा लाख ऐंशी हजार होतात आणि त्यावर कारखाना अडकलाय. पण झोप उडते ती त्या एका वाक्याने. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण घरातच वकील निपजल्यावर शहाण्याने काय करावं?

तुझा मामा

१० फेब्रुवारी

मामा,

अक्षराला हसले नाही. करार वाचून मात्र कपाळाला हात लावला. कलम चौदा: लेखी आदेशाशिवाय केलेल्या जादा कामाचा मोबदला मिळणार नाही. प्रत्येक पानावर तुझी सही आहे, या पानावर तर त्या कलमाच्या खाली चार बोटांवर. तू ते वाचलं होतंस का? खरं सांग, मी आईला सांगणार नाही.

इंजिनियरने जे तोंडी सांगितलं त्याचा एक तरी कागद, मेसेज, चिठ्ठी, काहीही शोध. माप कोणी, कोणत्या तारखेला घेतलं, कुठे लिहून ठेवलं, ते पाठव. कठडे कापून जोडतानाचे फोटो असतील तर तेही. आमचे साहेब, म्हणजे ज्यांच्या ऑफिसात मी काम करते ते, म्हणतात की बांधकामाच्या भांडणात खरं काय ते नेहमी फरशीखाली असतं. तुझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. जुनी पातळी दाखवायची तर कुणाच्या तरी गॅलरीतली फरशी उकरावी लागेल, आणि ते कोणी करू देणार नाही.

आणि मामा, त्यांच्या ऑफिसात जाऊन आरडाओरडा करू नकोस. तू जे बोलशील ते ते लिहून ठेवतील. तू मात्र काहीच लिहून ठेवत नाहीस, हाच तर सगळा घोळ आहे.

तुझी भाची

१९ फेब्रुवारी

वकीलसाहेब,

करार वाचला नव्हता. वीस पानं होती आणि बाहेर लोखंडाचा ट्रक उभा होता. पहिलं आणि शेवटचं पान वाचलं. पहिल्या पानावर माझं नाव बरोबर होतं आणि शेवटच्या पानावर रक्कम बरोबर होती. मधल्या अठरा पानांत एवढं विष असेल असं वाटलं नाही.

मेसेज शोधले. मी लिहिलंय, "तिसरा मजला उंची वाढवून झाली." त्यावर त्याने अंगठा पाठवलाय. असे अकरा अंगठे आहेत. अंगठा हा लेखी आदेश होतो का, ते तुझ्या साहेबांना विचार. पूर्वी अडाणी माणसाचा अंगठा कोर्टात चालायचा, मग शिकलेल्याचा का चालू नये?

फोटो सहा सापडले. त्यातल्या चारांत मिलीमीटरची पाठ आहे. माप त्यानेच घेतलंय आणि ते त्याच्या वहीत आहे, गॅलरीवार, तारखेसकट, "स्लॅबपासून, फरशी ५० धरून" असं प्रत्येक पानावर. वही द्यायला तयार नव्हता. म्हणाला, "मालक, यात बावीस वर्षांची मापं आहेत." मी म्हटलं, अरे, माझी भाची आहे, पळून जाणार नाही. तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिली आणि दोनदा बजावलं, परत हवी.

ऑफिसात गेलो होतो. ओरडलो नाही. दोन तास मऊ खुर्चीत बसलो. दर वीस मिनिटांनी अकाउंटवाली बाई येऊन सांगे, साहेब मीटिंगमध्ये आहेत. शेवटी साहेब बाथरूममधून बाहेर येताना दिसले. मी उठलो तर परत आत गेले. तिथे किती वेळ बसणार म्हणून मीही बसून राहिलो, तर अर्ध्या तासाने कळलं की त्या बाजूलाही दार आहे. मग थोडासा ओरडलो.

मिलीमीटरचा चार महिन्यांचा पगार थकलाय. तो मागत नाही. मागितला असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर चिडता आलं असतं.

मामा

१२ मार्च

मामा,

नोटीस पाठवली होती, उत्तर आलं. नऊ पानांचं आहे, बसून वाच. थोडक्यात सांगते. लेखी आदेश नाही म्हणून जादा काम नाही. कठडे ठेंगणे झाले ते तुझ्या चुकीच्या मापामुळे. दुरुस्तीत दोन महिने गेले, त्याचा दंड ते तुझ्या बिलातून कापणार, आणि तो कापल्यावर उलट तूच त्यांना चाळीस हजार देणं लागतोस. हे वाचून मी पेन फेकलं. साहेबांनी ते उचलून दिलं आणि म्हणाले, "पहिलाच खटला वाटतं?"

करारात लवादाचं कलम आहे, म्हणजे सरळ कोर्टात जाता येत नाही, आधी लवादापुढे. लवाद कोण असावा यावरच ते तीन महिने खातील. त्यांना घाई नाही. घाई तुला आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि यावरच त्यांचा सगळा खेळ आहे.

वही फार चांगली आहे. पण ते म्हणतील, स्वतःच्या हाताने लिहिलेली वही काय, काल बसूनही लिहिता येते. आपल्याला तो इंजिनियर हवा. "पन्नास धरा" आणि "उंची वाढवा" ही दोन वाक्यं त्याने लिहून दिली तर चित्र पालटतं. मी त्याचा पत्ता काढतेय. तीन नंबर बंद लागले, चौथा त्याच्या सासऱ्यांचा निघाला.

एकच गोष्ट हात जोडून सांगते. ते तुला बोलावतील, गोड बोलतील, काहीतरी पुढे सरकवतील. कशावरही सही करू नकोस.

तुझी भाची

२८ मार्च

वकीलसाहेब,

बोलावलं. आणि या खेपेला साहेब स्वतः दारापर्यंत आले, पाणी विचारलं, मामीची तब्येत विचारली. तेव्हाच ओळखलं.

म्हणाले, भांडणात काय आहे, शेवटच्या बिलापोटी साडेपाच लाख घ्या, दोन चेकने, आणि विषय मिटवा. मी म्हटलं, कागद बघू. तुझी शिकवणी लागू पडली, सगळा वाचला. तिसऱ्या ओळीत लिहिलंय: "मापातील चूक आमच्याकडून झाली असून ती आम्हांस मान्य आहे." मी म्हटलं, हे वाक्य काढा, पन्नास हजार कमी द्या. साहेब हसले. त्यांना ते वाक्यच हवंय. फ्लॅटवाल्यांनी उशिराबद्दल त्यांच्यावर दावा लावलाय म्हणे, मग ते आमच्याकडे बोट दाखवणार. मी उठून आलो.

पण खरं सांगतो, माझा हात दगडाखाली आहे. लोखंडवाल्याकडे माझा चेक आहे, पंधरा एप्रिलचा. तो वाईट माणूस नाही, दोनदा थांबलाय. परवा कारखान्यात आला, नुसता रोलिंग मशीनभोवती एक फेरी मारून गेला, गिऱ्हाईक मारतं तशी. चेक परत गेला तर तोही केस करेल आणि मशीन जाईल. मशीन गेलं की उरतो नुसता पत्रा आणि पाटी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

तू इंजिनियर शोध. मी धरून बसतो. ते वाक्य माझ्या हातून लिहून घ्यायला त्यांना दुसरा जन्म घ्यावा लागेल.

मामा

९ एप्रिल

मामा! सापडला!

दोन बस बदलून गेले. कुठल्याशा पुलाच्या कामावर आहे, पत्र्याच्या केबिनमध्ये बसतो. मला बघून आधी म्हणाला, मी काही सांगणार नाही, मला याच धंद्यात राहायचंय. मी तासभर केबिनबाहेर सिमेंटच्या पोत्यांवर बसले. बाहेर आला तेव्हा मी मिलीमीटरची वही उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने तीन-चार पानं उलटली आणि म्हणाला, "हा माणूस मला रोज विचारायचा, फरशी पन्नासच ना? मीच हो म्हणत होतो."

लिहून देतो म्हणालाय! शपथेवर, दोन्ही वाक्यं. येत्या सोमवारी कागद करते. लोखंडवाल्याला सांग, वकिलाने महिनाभराची मुदत मागितलीय, हवं तर मी त्याला पत्र लिहिते. आता घाई त्यांना होईल.

तू ती सही केली नाहीस म्हणून हे जमलं. दुसऱ्या कुणी केव्हाच केली असती. मी साहेबांना तेच म्हटलं, माझा मामा मोडेल पण वाकणार नाही.

तुझी भाची

११ एप्रिल

चिरंजीव,

मी आठ तारखेला सही केली.

लोखंडवाल्याला थांब म्हणायला गेलो होतो. त्याने मला त्याची देण्याघेण्याची वही दाखवली, त्याचीही कुणीतरी मान धरली होती. तिथून घरी आलो तर मामी स्वतःच्या बांगड्या कागदात गुंडाळून बसली होती. सरळ त्यांच्या ऑफिसात गेलो आणि म्हटलं, आणा.

मनाशी म्हटलं, नाव माझं आहे, पाटी माझी आहे, चूक मी माझ्या अंगावर घेतो. एका वाक्याने कुणी मरत नाही. पहिला चेक वटला की लोखंडवाला सुटेल, मिलीमीटरचा अर्धा पगार देईन, उरलेला तीस तारखेला दुसरा चेक आला की.

तुला आधी विचारलं नाही, कारण तू काय म्हणाली असतीस ते माहीत होतं. चिडलीस तर चिड.

मामा

१६ एप्रिल

मामा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं वाचून तुला काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही, आणि तरीही मी चिडलेय. इतकी चिडलेय की चार दिवस लिहिलं नाही. एक फोन! एरवी मला सकाळी सातला फोन करून ओरडणारा माणूस, नेमका त्या दिवशी मुका झाला!

इंजिनियरचा कागद झालाय, माझ्या टेबलावर पडलाय. तुझ्या सहीपुढे त्याची किंमत शून्य. तू स्वतः लेखी कबूल केल्यावर दुसरा कुणी तुला निर्दोष कसा ठरवणार? तेलही गेलं, तूपही गेलं.

साहेब म्हणाले, "अशिलाचं पोट भरलेलं असेल तरच त्याला धीर धर म्हणून सांगावं." मला राग आला, पण ते खरं आहे. मी कलमं शोधत होते आणि तू दिवस मोजत होतास, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. लोखंडवाल्याला पत्र लिहिते म्हणाले, ते महिनाभर आधी लिहायला हवं होतं. माझंही चुकलं.

निदान मिलीमीटरचा पगार होतोय. त्यातच समाधान मानू. फाइल बंद करते.

तुझी भाची

२ मे

चिरंजीव,

फाइल उघड.

पंचवीस तारखेला मिलीमीटर दुसऱ्या एका साइटवर जिन्याचं माप घ्यायला गेला होता. तिथला सुपरवायझर सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, "दोनदा मोजा हं, तुमचं माप चुकतं. तुमच्या मालकाने लिहून दिलंय." बिल्डरने तो कागद गावभर फिरवलाय. मिलीमीटरने पुन्हा टेप लावली. माप पुरं केलं, कारखान्यात आला, हात धुतले आणि मला म्हणाला, "मालक, कागद दाखवा."

दाखवला. तो हळूहळू वाचतो, तुला ठाऊक आहे. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून थांबला. मी सांगायला लागलो, अरे, आपल्या सगळ्यांच्या पोटासाठी, तुझ्याच पगारासाठी. तो म्हणाला, "माझं माप चुकलं होतं का?" मी म्हटलं, नाही रे. "मग हे तुम्ही कुणाच्या मापाबद्दल लिहिलंत?"

इतके दिवस मी समजत होतो की मी माझी मान खाली घातली. माझी कुठली? मी सव्वीस वर्षांत एक माप घेतलेलं नाही. मी गिऱ्हाईकाशी बोलतो, उधारी आणतो, ओरडतो. माप त्याचं. मी दुसऱ्याची वस्तू विकून आलो आणि वर त्याच्यावर उपकार केल्यासारखा हिंडत होतो.

तीस तारखेला दुसरा चेक वटला. उरलेल्या पगाराचं पाकीट त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने हात लावला नाही. म्हणाला, "चुकीच्या मापाचे पैसे मी घेत नाही." वही तेवढी मागितली. वही तुझ्याकडे आहे, मागवून घेतो म्हटलं. काल तो आला नाही, आजही नाही. घरी गेलो तर त्याची बायको म्हणाली, दुसरीकडे काम धरलंय. आत या म्हणाली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या दारात उभा राहून परत आलो.

आज सकाळी मी बिल्डरला रजिस्टर पत्र टाकलं. प्रत सोबत आहे. "माप बरोबर होते. ते आमच्या वेल्डरने घेतले होते आणि त्यात एका मिलीमीटरची चूक नव्हती. कागदातले वाक्य मी पैशासाठी लिहिले. ते खोटे आहे." एवढंच. तू सुधारायला घेऊ नकोस, ते गेलं आहे.

ते पैसे परत मागतील. मागू देत. आता लोखंडवाला मोकळा आहे, मशीन माझं आहे, विकायचं तर मी विकेन. तू म्हणशील, मामाचं डोकं फिरलं. फिरलं असेल. पण मला मिलीमीटरच्या गल्लीतून मान वर करून जायचं आहे. वही पाठव.

मामा

७ मे

मामा,

मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. बरं झालं, विचारलं नाहीस.

वकील म्हणून आधी सांगते. तडजोड मोडली म्हणून पंधरा दिवसांत त्यांची नोटीस येईल, साडेपाच लाख व्याजासह परत मागतील. नोटीस आली की हवं तेवढं ओरड, मग माझ्याकडे पाठव. सही दबावाखाली घेतली असं आपण म्हणू. ते सिद्ध करणं अवघड आहे, पण तू महिन्याच्या आत लेखी नाकारलंस हे आपल्या बाजूने जातं. मी लिहिलं असतं, "आर्थिक दबावाखाली." तू लिहिलंस, "पैशासाठी." साहेबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, याला हात लावू नका. इंजिनियरचा कागद मी पुन्हा फाइलमध्ये घातलाय. कदाचित जिंकू, कदाचित मशीन जाईल. खोटी आशा लावत नाही.

आता भाची म्हणून. मिलीमीटर कामावर परत येईल असं मला वाटत नाही. वही पोस्टाने पाठवत नाही, मी रविवारी स्वतः घेऊन येते. लवादापुढे त्याची साक्ष लागेल, ते मी विचारेन, आणि तो नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे. पण तू माझ्याबरोबर यायचंस. पगार, कारखाना, मशीन, मामीच्या बांगड्या, यातलं काही काढायचं नाही. त्याच्यासमोर बसून एवढंच म्हणायचं की माप बरोबर होतं. मग तो काही बोलला नाही तरी उठायचं नाही. मी शेजारी बसेन.

तुझी भाची